खोकला लपवून अब्रू राहत नाही

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी खाला राहते. तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं तेव्हा बघणं चालू होतं. मुलगी बारावी झालेली, शिवणकामात तरबेज. बकरी ईदला मी गेलो तेव्हा ती खोकत होती. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो, तेव्हाही खोकत होती. खालाला विचारलं तर म्हणाली, "कुछ नै बेटा, मौसम बदल्या है." मग आवाज खाली आणून म्हणाली, "और किसको बोलना नक्को. इतवार को लोगां देखने आ रहे."

मी कुणाला बोललो नाही. उलट संध्याकाळी चौकातल्या मेडिकलवरून खोकल्याच्या औषधाची बाटली मीच आणून दिली. रविवारी पाहुणे आले. मुलीने चहाचा ट्रे ठेवला, सलाम केला आणि आत गेली. न्हाणीत जाऊन तिने नळ सोडला आणि खोकली. नळ कशासाठी सोडला, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. पाहुण्यांनी पसंती कळवली. जानेवारीत निकाह झाला.

तीन महिन्यांनी सासरी तिच्या बेडक्यातून रक्त पडलं. तपासणीत टीबी निघाला. "बीमार लडकी गले में बांधी" म्हणत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरी गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. सासरशी बोलणी चालू होती. मुलगी पूर्ण बरी झाली आहे, हे त्यांना पटवून द्यायचं होतं. 'अजून गोळ्या चालू आहेत' असं म्हणून ते कसं पटणार? म्हणून घरच्यांनी गोळ्याच बंद केल्या. आजार परत आला, या वेळी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. मग पुढे जवळपास दोन वर्षं औषधं आणि कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले. आज ती जिवंत आहे, शिवणकाम करते. तिचा तलाक झाला आहे. तिच्याशी बोलायचं तर समोर बसून मोठ्याने बोलावं लागतं.

हे लिहायची परवानगी तिनेच दिली, नाव-गाव लिहायचं नाही या अटीवर. ती म्हणाली, "लिखो भाई. पर ये भी लिखो के बाटली तुमने लाई थी." म्हणून लिहिलं. खालाच्या घरात जे झालं त्यात मीही सामील होतो. हा लेख बाहेर उभं राहून समाजाला उपदेश करण्यासाठी लिहिलेला नाही.

दोन आठवडे

नियम साधा आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर बेडका तपासायचा. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा हा निकष आहे आणि तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं लिहिलेला आहे. सोबत संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, मेलेली भूक, बेडक्यात रक्त यातलं काही असेल, तर दोन आठवडे थांबायचीही गरज नाही. घरात कुणाला टीबी असेल किंवा माणसाला मधुमेह असेल, तर धोका आणखी वाढतो.

प्रत्येक खोकला टीबीचा नसतो, हेही सांगायला हवं. लांबलेल्या खोकल्यामागे दमा असू शकतो, घशाशी येणारं पित्त असू शकतं, ब्लडप्रेशरची एखादी गोळी असू शकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाचा कर्करोगही असू शकतो. यातलं नेमकं काय आहे हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण आपल्याकडे खालाला सांगता येतं, शेजारणीला सांगता येतं, मेडिकलवाल्याला तर गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच सांगता येतं.

जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. टीबीसारखी लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेही उपचाराला गेलेच नव्हते. का गेला नाहीत, असं विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर होतं की लक्षणांकडे फारसं लक्ष दिलं नाही. पैसे नव्हते म्हणून गेलो नाही, असं सांगणारे अगदी थोडे होते. हा आकडा साऱ्या देशाचा आहे, फक्त मुसलमानांचा नाही. पण आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला तो वाचून आश्चर्य वाटणार नाही.

एकेकाळी खोकला लपवला काय आणि दाखवला काय, शेवट फारसा बदलत नव्हता. रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये या आजाराचा जंतू जगापुढे ठेवला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्यानंतर पाच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या. वय अवघं एकवीस. स्वतः डॉक्टर असून त्यांना औषध मिळालं नाही, कारण जगात ते नव्हतंच. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. आज कल्याणहून खाडी ओलांडून भिवंडीत आलात, तर सरकारी दवाखान्यात हीच तपासणी आणि हीच औषधं फुकट मिळतात. साध्या टीबीला सहा महिन्यांचा कोर्स पुरतो. आनंदीबाईंकडे जे नव्हतं ते आपल्याकडे आहे, आणि आपण नळ सोडून खोकतो.

आपल्या सबबी

पहिली सबब मौसमाची. पावसाळा संपला म्हणून खोकला, थंडी पडली म्हणून खोकला, थंडी गेली म्हणून खोकला. मौसम वर्षातून तीनदा बदलतो, त्यामुळे ही सबब बारा महिने चालते.

दुसरी सबब कामाची. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे लोक म्हणतात, लूमवर राहायचं तर खोकला आलाच. त्यात तथ्य आहे. कापसाच्या धुळीने छाती खरोखर बिघडते. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. पण धुळीचा खोकला असलेल्या माणसाला टीबी होत नाही, असं कुठे आहे? उलट एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा कामगार, बंद खिडक्या आणि बारा तासांची पाळी, ही टीबीला हवी तशीच जागा आहे. 'धुळीचा आहे' म्हणत वर्ष काढणारा कारागीर त्या खोलीतल्या सगळ्यांना धोक्यात घालतो. आणि तो खोकतोय हे दिसत असूनही त्याला एक दिवसाची सुट्टी न देणारा सेठ त्याच्याइतकाच जबाबदार आहे. तो सेठही बहुतेक आपलाच असतो आणि जुम्म्याला पहिल्या सफेत बसतो.

तिसरी सबब बाटलीची. खोकल्याच्या औषधाने खोकल्याचा आवाज थोडा कमी होतो, जंतूला काहीही होत नाही. त्याहून घातक आहे गल्लीतल्या डॉक्टरने अंदाजाने दिलेलं अँटिबायोटिक. त्यातल्या काही गोळ्या टीबीच्या जंतूवर अर्धवट काम करतात. आठ दिवस बरं वाटतं, बेडका तपासला तरी जंतू सापडत नाही, आणि महिन्याभराने दुखणं दुप्पट होऊन परत येतं. त्या डॉक्टरकडे रांग लागते, कारण तो पन्नास रुपयांत बरं वाटेल असं काहीतरी देतो आणि तपासणी लिहून देत नाही. त्याने तपासणी लिहून दिली, तर आपणच दुसरा डॉक्टर शोधतो.

चौथी सबब तकदीरची. बीमारी अल्लाहने दिली, तोच बरी करेल. तावीज, दम केलेलं पाणी, मन्नत. माझं भांडण दुआशी नाही. आजाऱ्यासाठी दुआ करणं आपला दीन आहे. पण ज्या दीनच्या नावाने आपण घरात बसतो, तो घरात बसायला सांगत नाही. इलाज करा, प्रत्येक आजाराचा इलाज अल्लाहने पाठवला आहे, ही हदीस शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असं विचारणाऱ्याला रसूलुल्लाहनी आधी बांध, मग भरवसा ठेव असं सांगितलं. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, हा हुकूमही आपल्याला ठाऊक आहे. शिंकताना रसूलुल्लाह तोंडावर हात किंवा कपडा धरत, हेही आपण मिलादच्या जलशात ऐकतो. अकराव्या शतकात इब्न सिनांनी क्षय एकापासून दुसऱ्याला लागतो असं लिहून ठेवलं. त्यांच्या नावाचे युनानी दवाखाने आपण काढतो, पण त्यांचं म्हणणं ऐकत नाही.

रमजानचंही सांगितलं पाहिजे. दरवर्षी काही रुग्ण रोजे धरायचे म्हणून महिनाभर गोळ्या सोडतात. कुरआनाने आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. ही मुभा असताना औषध तोडणं म्हणजे तकवा वाढवणं नाही. मध्येच तुटलेल्या औषधातून दाद न देणारा टीबी तयार होतो आणि तो घरातल्या इतरांनाही लागतो. रोजा धरता येईल का, गोळ्यांची वेळ सहर किंवा इफ्तारशी जुळवता येईल का, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरने ठरवायचं. मोहल्ल्यातल्या चाचांनी ठरवायचं नाही.

रिश्त्याचा बाजार

या सगळ्या सबबी बाजूला केल्या तरी एक भीती उरते, आणि खालाच्या घरात खरी तीच होती: मुलीला कोण करून घेईल?

या भीतीला मी खोटी म्हणत नाही. ती अगदी खरी आहे. टीबीचं नाव निघालं की मुलीचे रिश्ते बंद होतात आणि तिच्या धाकट्या बहिणींचेही. मुलगा आजारी असेल तर मात्र 'जरा कमजोरी होती' एवढ्यावर भागतं. मुलाचे एक्स-रे कुणी मागत नाही. खोकल्याचा हिशोब फक्त मुलीकडून घेतला जातो. म्हणून माझा राग खालावर कमी आहे आणि त्या रविवारी सोफ्यावर बसून समोसे खाणाऱ्या पाहुण्यांवर जास्त आहे. आणि ते पाहुणे म्हणजे कुणी परके नव्हेत. आपल्या मुलासाठी मुलगी बघायला जातो तेव्हा आपण तेच असतो.

टीबी आनुवंशिक नाही. ताटवाटीतून, कपड्यांतून, हात मिळवल्याने तो लागत नाही. तो हवेतून लागतो, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णाकडून लागण होण्याचा धोका फार कमी होतो. कोर्स पूर्ण करून बरी झालेली मुलगी संसार करू शकते, आई होऊ शकते. धोका औषध घेणाऱ्या मुलीपासून नाही. धोका त्या मुलीपासून आहे जिला आपण औषध घेऊ दिलं नाही आणि तशीच सासरी पाठवली. तिथे सासूला, नणंदेच्या तान्ह्या बाळाला जी लागण झाली असती, ती कुणाच्या खात्यावर लिहायची? धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाहनी खालचं ओलं धान्य बाहेर काढलं आणि लपवणाऱ्या व्यापाऱ्याला फटकारलं, तो किस्सा आपण बाजाराला लावतो. निकाहला लावत नाही.

पण हा किस्सा फक्त मुलीच्या बापाला ऐकवून भागणार नाही. खरं सांगणाऱ्याचं लग्न मोडणारा समाज खोटं पिकवतो. मुलगी आजारी आहे, सहा महिने औषध आहे, निकाह सहा महिने पुढे ढकलू, असं म्हणणारा एक तरी मुलाचा बाप आपल्या ओळखीत आहे का? हॉल मिळाला नाही म्हणून तारीख पुढे जाते, दुबईचा व्हिसा झाला नाही म्हणून वर्षभर पुढे जाते. मग औषधासाठी सहा महिने का जाऊ नयेत?

"तुम्ही बदनामी करता"

हे वाचून काहीजण म्हणतील, आधीच चहूबाजूंनी मार पडतोय, त्यात तुम्ही घरचं उघडं करता. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलीगी जमातीच्या निमित्ताने चॅनलांनी काय केलं ते आपण पाहिलंय. एका आजाराला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेतली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं म्हणत माध्यमांवर कडक ताशेरे ओढले. तोपर्यंत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्या दिवसांत बसमध्ये दाढीवाला खोकला की लोक जागा बदलत. खोकला गिळायची सवय आपल्याला तेव्हा आणखी घट्ट लागली. सर्वे करायला आलेल्या आशाताईंना 'घर में सब ठीक है' सांगून दार लावून घेतलं जायचं, त्यामागे हीच भीती होती.

सरकारही सुटत नाही. टीबी गरिबांच्या वस्तीत वाढतो तो काही त्यांच्या धर्मामुळे नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला, तेव्हा एकमेकींना चिकटून बांधलेल्या इमारतींत, जिथे खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे टीबी जास्त आढळला. त्या इमारतींत हिंदूही राहतात, मुसलमानही राहतात. दोन इमारतींमध्ये किती फूट जागा सोडायची, हे तिथल्या एकाही रहिवाशाला कुणी विचारलं नव्हतं. २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करू, अशी घोषणा होती. ते वर्ष आलं आणि गेलं, टीबी आहे तिथेच आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये तर औषधांच्या तुटवड्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राला राज्यांना स्थानिक पातळीवर औषधं खरेदी करा असं कळवावं लागलं. रुग्णाने एक दिवस गोळी चुकवली की त्याला दटावणारी व्यवस्था स्वतः आठवडेच्या आठवडे चुकवते. यावर मोर्चा काढला तर मी सोबत येईन.

पण मोर्चा काढायचा तरी आजार आहे हे आधी मान्य करावं लागेल. ज्या वस्तीत कागदावर रुग्णच नाहीत, तिथे औषध कमी पडतं असं कुणाकडे मांडणार? लपवलेला खोकला सरकारला फार सोयीचा असतो. नोंद नाही म्हणजे रुग्ण नाही. रुग्ण नाही म्हणजे तपासणीचं यंत्र इथे बसवायची गरज नाही. बदनामीच्या भीतीने आपण गप्प बसतो आणि हक्काची गोष्टही हातची घालवतो.

मग करायचं काय

जवळच्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य केंद्रात जायचं आणि सांगायचं की दोन आठवड्यांपासून खोकला आहे, बेडका तपासा. डबी मिळेल. त्यात तोंडातली थुंकी द्यायची नाही, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका द्यायचा, शक्यतो सकाळचा. आपल्याकडच्या मुली लाजून नुसती थुंकी देतात आणि रिपोर्ट 'काही नाही' असा येतो. उघड्यावर, माणसांपासून थोडं दूर जाऊन बेडका काढा, असं त्यांना कुणीतरी बाईने समजावून सांगावं. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी झाली तर टीबी आहे का आणि मुख्य औषधाला तो दाद देईल का, हे काही तासांत कळतं. एक्स-रेही सांगतील, तो काढायचा.

टीबी निघाला तर रुग्णाची नोंद होते. घाबरू नका, ती बंधनकारक आहे. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही प्रत्येक रुग्ण सरकारला कळवावा लागतो. नोंद झाली की औषध फुकट मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहे. घरातल्या इतरांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यायची. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, ती पाहून औषध बंद करायचं नाही. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबत नसल्या, तर लगेच डॉक्टरकडे जायचं. आणि दोन महिन्यांत बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा. माझी बहीण इथेच अडकली. दाद न देणाऱ्या टीबीसाठीही आता बऱ्याच रुग्णांना इंजेक्शनाशिवाय, सहा महिन्यांच्या आसपास संपणारा उपचार आहे. केंद्राने त्याला २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्या कानांसाठी त्याला उशीर झाला.

मशिदीच्या जिम्मेदारांना एक विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात पाजाम्याच्या लांबीवर अर्धा तास जातो. त्यातली दोन मिनिटं द्या. एवढंच सांगा की ज्याच्या घरात कुणी दोन आठवड्यांपासून खोकतंय त्याने सोमवारी त्याला दवाखान्यात न्यावं, आणि हे सांगताना मुली आणि सुनांचं नाव आवर्जून घ्या. त्या मशिदीत नसतात, मधल्या खोलीत खोकत असतात. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींनी आशाताईंसोबत चार घरं फिरावं. तुमच्यासाठी दार लावून घेतलं जाणार नाही.

आणि पुढच्या वेळी मुलगी बघायला जाल, आतून नळ सोडल्याचा आवाज येईल, त्याखाली दबलेला खोकला ऐकू येईल, तर रिश्ता मोडू नका आणि ऐकू न आल्यासारखंही करू नका. मुलीच्या आईला बाजूला घेऊन म्हणा, आपा, आधी हिला दाखवून घ्या, तारखेचं नंतर बघू. त्या दिवाळीत मला एवढंच करायचं होतं. मी मेडिकलवर गेलो.